दूध न लागलेली भांडी

आमची मुलगी चार वर्षांची होईपर्यंत घरात सगळे तिला हट्टी समजत. मीही समजत असे. दूध ओठाला लागले की ती तोंड फिरवी, बळेच पाजले तर उलटी करी, आणि कधी अंगावर गांधी उठत. मुलांना शिस्त हवी असे माझे मत होते. दूध पिण्याची शिस्तही त्यात आली.

एका संध्याकाळी कोणाच्या तरी निकालाचा पेढा घरी आला. तिने तो खाल्ला. थोड्याच वेळात तिचे ओठ माझ्यादेखत सुजले, डोळे मिटत चालले आणि श्वासाबरोबर बारीक शीळ ऐकू येऊ लागली. आम्ही पेणला राहत होतो. रामवाडीचे डॉक्टर त्या वेळी दवाखान्यात होते म्हणून निभावले. त्यांनी इंजेक्शन दिले, तिला तासभर समोर बसवून ठेवले आणि मुंबईच्या एका तज्ज्ञांसाठी चिठ्ठी लिहून दिली. तज्ज्ञांनी तपासण्या केल्या आणि थोडक्यात सांगितले, की हा हट्ट नव्हे. दूध, दही, ताक, लोणी, तूप यांतले काहीही तिच्या पोटात जाता कामा नये, थेंबही नाही. मी विचारले, गेलेच तर हातात किती वेळ असतो? ते म्हणाले, "मागच्या वेळी मिळाला तेवढा पुढच्या वेळी मिळेल, असं धरून चालू नका."

ते वाक्य घेऊन मी घरी आलो. पुढे बरीच वर्षे ते आमच्या स्वयंपाकघरात राहिले.

हल्ली शहरांतली माणसे दूधदुभते सोडून जेवतात आणि त्याला वीगन म्हणतात, असे ऐकतो. आमच्या घरी मांसमच्छी कधीच शिजत नव्हती. दूध गेल्यावर जे उरले ते तेच जेवण होते. आम्ही त्याला काही नाव दिले नाही. ते आवडीने आलेले नव्हते.

पत्नी रोह्याच्या एका शाळेत शिक्षिका होती. दुपारचे वर्ग सुटेपर्यंत साडेपाच होत. मग एसटीने नागोठण्यावरून पेण. घरी पोचायला तिला आठ वाजत, कधी त्याहून उशीर. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून होतो आणि सहाला घरी येत असे. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार रात्रीचे जेवण माझ्याकडे आले. तोवर मला चहाखेरीज काही करता येत नव्हते. पत्नीने मला चार पदार्थ शिकवले आणि बजावले की जेवण साडेसहाला पानात पडले पाहिजे.

साडेसहाचे कारण भूक हे नव्हते. मुलगी साडेसात-आठला झोपे. जेवल्यावर निदान अर्धा तास ती जागी आणि डोळ्यांसमोर हवी होती, म्हणजे काही झाले तर दिसेल. झोपेत झाले तर दिसणार नाही. म्हणून स्वयंपाक वीस मिनिटांत व्हायला हवा होता.

असे तीन आठवडे नीट गेले. चौथ्या आठवड्यात चूक झाली. ती माझ्या हातून झाली.

आमच्याकडे भात वाढला की त्यावर तुपाचे चार थेंब पडल्याशिवाय घास घेत नसत. त्याला अन्नशुद्धी म्हणतात. जेवण पवित्र करण्याचा तो विधी आहे. चवीशी त्याचा संबंध नाही. माझे वडील आजारपणातही त्यावाचून जेवले नाहीत. दूध, दही, ताक मी घरातून त्याच दिवशी काढले होते. तुपाची लहान तांबली मात्र देवाच्या निरांजनासाठी आणि माझ्या भातासाठी ठेवली होती. डॉक्टरांनी तूपही सांगितले होते. मी ते ऐकलेही होते. पण तूप म्हणजे दूध, हे माझ्या मनाने मानले नव्हते. जे अन्नाला शुद्ध करते त्याने अपाय होईल, हे मला पटत नव्हते.

त्या दिवशी कचेरीत वरिष्ठांची तपासणी होती. डोके तिथेच अडकलेले होते. वरण-भात केला, दोन पाने शेजारी मांडली, माझ्या भातावर तूप घातले, आणि हात तसाच पुढे जाऊन तिच्या भातावरही गेला. मी ते पाहिले नाही. चाळीस वर्षांचा हात होता. त्याला पाहावे लागत नव्हते.

दोन घास झाल्यावर ती म्हणाली, "अप्पा, घशात काटा आहे."

वरणभातात काटा कुठला, असे मी म्हणणार होतो. तेवढ्यात तिच्या पानावरची चकाकी दिसली.

तिला उचलून मी अनवाणी रस्त्यावर आलो. रिक्षा मिळेपर्यंत किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. रिक्षात ती खोकत होती. मग खोकला थांबला, आणि तो थांबल्याचे मला बरे वाटेना. मी तिच्याशी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. दवाखान्यात आधी दुसरा एक रोगी टेबलावर होता. डॉक्टरांनी त्याला हाताने बाजूला केले. इंजेक्शन एकाने भागले नाही. दुसरे द्यावे लागले.

पत्नी घरी आली तेव्हा दार सताड उघडे होते आणि दोन अर्धी पाने जमिनीवर होती. शेजारच्या बाईंनी तिला सांगितले आणि ती चालत दवाखान्यात आली. मुलगी तोवर नीट श्वास घेऊ लागली होती. पत्नीने विचारले,

"काय खाल्लं हिनं?"

"तूप."

"कुणी वाढलं?"

"मी."

घरी गेल्यावर तिने तुपाची तांबली उचलून कोपऱ्यावरच्या देवळात देऊन टाकली. निरांजनात दुसऱ्या दिवसापासून तिळाचे तेल आले. माझ्या भातावर त्यानंतर तूप पडले नाही. पहिले काही दिवस पहिला घास घशाखाली उतरत नसे. ते कोणाला सांगण्यासारखे नव्हते.

त्यानंतर मी काटेकोर झालो. लोक मला विक्षिप्त म्हणत, म्हणोत. बेकरीचे टोस्ट बंद झाले. बिस्किटे बंद. कोणाकडे हळदीकुंकू असले तरी मुलगी घरी. देवळात जाणे मी थांबवले, कारण तीर्थ म्हणून हातावर पंचामृत पडे आणि देवाच्या तीर्थाला नको कसे म्हणायचे हे मला ठाऊक नव्हते. घरी चहा बिनदुधाचा. कचेरीतही तोच. घरात दुधाचा थेंब उरला नाही, असे मी स्वतःला रोज सांगत असे.

तरीही दोन महिन्यांनी, एका गुरुवारी, कांदा घालून फोडणीचा भात केला आणि जेवल्यावर दहा मिनिटांत तिच्या मानेवर गांधी उठल्या. ओठ थोडे जाड झाले. डॉक्टरांच्या औषधाने एवढ्यावरच थांबले. पण त्या भातात काय होते? तांदूळ, कांदा, तेल, मोहरी, हळद, मीठ. मी डबे उघडून पाहिले, वास घेतले. काही सापडले नाही. मला तेव्हा जी भीती वाटली ती तुपाच्या दिवसापेक्षा मोठी होती. त्या दिवशी चूक कोणाची ते माहीत होते. आता शत्रू घरात होता आणि दिसत नव्हता. पुढचे दोन दिवस मी तिला केवळ केळी आणि शहाळ्याचे पाणी दिले.

उत्तर शेजारच्या बाईंनी दिले.

त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू होत्या, साठीच्या पुढच्या, एकट्या. मुले इस्रायलला स्थायिक झालेली. त्यांचेही कागद चालू होते. बालवाडी सुटल्यापासून मी येईपर्यंत मुलगी त्यांच्याकडे असे. दुसरे विश्वासाचे घर आळीत नव्हते. मात्र मी आधीच सांगून ठेवले होते, की त्यांच्याकडे तिने काही खायचे नाही. कारण त्यांच्या घरी मटण शिजे. बाईंनी ते वाईट वाटून न घेता पाळले. मुलगी स्वतःचा डबा घेऊन जाई आणि त्यांच्या ओट्यावर बसून खाई.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या आणि भात कशात केला ते विचारले. मी लोखंडी कढई दाखवली, बऱ्याच महिन्यांनी काढलेली. त्यांनी ती हातात घेतली, बोट आतून फिरवले आणि विचारले, या कढईत आधी काय काय होत असे. मी सांगितले, की आईच्या वेळेपासून घरचे लोणी हिच्यातच कढवले जात असे.

"मग?" त्या म्हणाल्या. "लोखंड पितं, भाऊ. तुम्ही वरनं घासता. आत गेलेलं कसं घासणार?"

मी म्हणालो की राखेने, चिंचेने, उकळत्या पाण्याने घासले आहे. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी आपल्या घरची रीत सांगितली. मांस आणि दूध यांची गाठ पडता कामा नये, असा त्यांचा नियम. म्हणून मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, पळ्या आणि फडकीही वेगळी. चुकून एकाची पळी दुसऱ्यात गेली तर ती वापरातून काढायची. हे मी आयुष्यभर शेजारी राहून ऐकले नव्हते.

त्या घरी गेल्या आणि तीन टोप, एक कढई, एक तवा आणि दोन पळ्या घेऊन आल्या.

"यांना दुधाचा थेंब लागलेला नाय. माझ्या सासूच्या वेळेपास्नं नाय. घ्या."

मी भांड्यांकडे पाहिले. "यांत मटण शिजलंय," मी म्हणालो.

"शिजलंय. म्हणूनच दूध नाय."

मी भांड्यांना हात लावला नाही. मग त्या म्हणाल्या, "तुमचा देव रागावला तर माझं नाव सांगा. त्याला माझं घर माहीत हाय, भिंतीला भिंत लागून हाय."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. आळीत जी घरे मला सोवळी वाटत होती, त्यांतल्या प्रत्येक घरात माझ्या मुलीच्या जिवाला धोका होता. जिथे तिने घास घेऊ नये म्हणून मी ताकीद दिली होती, ते एकच घर तिच्यासाठी सुरक्षित होते. हा हिशेब मांडायला मला फार वेळ लागला नाही. गिळायला लागला. मी भांडी घेतली. आमची कढई आणि लाकडी पळ्या त्याच संध्याकाळी पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या.

पत्नीने त्या टोपांकडे पाहिले आणि विचारले, "चालेल तुम्हाला?"

"तिला चालतील," मी म्हणालो.

पुढची चार-पाच वर्षे आमचे जेवण त्या भांड्यांत झाले. गांधी पुन्हा उठल्या नाहीत. पदार्थ मोजकेच होते. कुळथाचे पीठ पाण्यात कालवून लसणीच्या फोडणीत ओतले की दहा मिनिटांत पिठले होई. पत्नी सकाळी वाल सोलून ठेवी. संध्याकाळी त्यांना ओले खोबरे आणि गूळ लावून डाळिंबी शिजे तोवर दुसऱ्या शेगडीवर भात होई. तांदळाच्या पिठाची उकड आमच्याकडे ताकात करत. ताक गेले, म्हणून मी ती कोकमाच्या आगळात केली. रंग गुलाबी आला आणि मुलीने ती मागून घेतली. उशीर झाला तर पातळ पोहे, नारळ, कांदा, लिंबू एकत्र करून झाकण दाबून ठेवायचे. तेवढ्यात वरून फोडणी तयार. सणाला बाई गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात करून आणत. मटणाच्या जेवणानंतर खाता यावा म्हणून त्यांच्याकडे तो तसाच करतात. मुलीने आयुष्यात बिनधास्त खाल्लेले पहिले गोड ते. बिनधास्त ती होती. मी तेव्हाही तिच्या ओठांकडे पाहत होतो.

जेवणानंतरचा अर्धा तास कधी सुटला नाही. ती पाढे म्हणे आणि मी ऐकण्याचे निमित्त करून आवाजात घोगरेपणा येतो का ते पाही. पत्नी आळीच्या तोंडाशी आली की आधी आमचे दार बंद आहे का ते पाही. बंद असले तर तिची चाल हळू होई.

बाई इस्रायलला गेल्या. जाताना भांडी मागितली नाहीत. मुलीला त्यांनी जवळ घेऊन सांगितले, की कोणी कितीही मायेने दिले तरी आधी विचारायचे. "लाजायचं नाय गो. जीव तुझा हाय." मी तेच तिला निराळ्या तऱ्हेने रोज शिकवत होतो. मी शिकवताना ती भीत असे.

ती नऊ वर्षांची असताना एका पावसाळ्यात धरमतरच्या बाजूला उधाणाने खारबांधाला खांड पडली आणि खाडीचे पाणी भातशेतात शिरले. कचेरीतून आम्हा पाच-सहाजणांना दुपारीच तिकडे पाठवले. निरोप घरी देण्याची सोय नव्हती. त्याच दिवशी नागोठण्याजवळ रस्त्यावर पाणी आले आणि रोह्याची एसटी अडकून पडली. म्हणजे मुलगी शाळेतून घरी आली तेव्हा आम्ही दोघेही नव्हतो, आणि भिंतीपलीकडे बाईही नव्हत्या.

बांधावर उभा राहून मी किती शेतांत पाणी गेले ते लिहीत होतो आणि डोक्यात एकच विचार होता. सहा वाजले. साडेसहा वाजले. ती उपाशी आहे. बाईंच्या जागी आता रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टवर जाणाऱ्या माणसाचे कुटुंब राहायला आले होते. माणसे चांगली होती. चांगली माणसे भुकेल्या पोरीला कपभर दूध देतात. मी वरिष्ठांना विनंती केली आणि मिळालेल्या टेम्पोने परत निघालो. त्या वाटेवर मी जे पाहिले ते प्रत्यक्षात कुठेच नव्हते. पण पाहिले.

घरी पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. मुलगी शेजारच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर ताट होते आणि त्यावर दुसरे ताट झाकलेले होते. शेजारीण कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अवो, पोरगी पानी पन पेली नाय आमच्याकडं," ती म्हणाली. "इचारते, पेला कशानं घासला. पेल्यात आधी काय व्हतं. आमी काय इख घालतो काय?"

मी क्षमा मागितली. दूध तिला चालत नाही, हे सांगितले. शेजारणीचा चेहरा उतरला. ताटात दही-भात होता. ती म्हणाली, आधी सांगायचं ना. ते खरे होते. बाई गेल्यापासून मी कोणालाच सांगितले नव्हते. आपण दार बंद ठेवले की पुरे, असे मला वाटत होते.

मुलीला घरात नेले. तिचे ओठ कोरडे पडले होते. आधी माठातले पाणी दिले. तिने दोन पेले एका दमात घेतले. मी कपडे न बदलता पदर खोचल्यासारखा पंचा गुंडाळला, तांदळाचे पीठ परातीत घेतले, मीठ आणि पाणी घालून हाताने कालवले. घावन सगळ्यांत लवकर होते. तवा तापत ठेवला. तिच्यापुढे ताट मांडले.

पहिले घावन ताटात पडले. तिने हात लावला नाही.

"अप्पा, यात काय आहे?"

मला राग आला. दिवसभराचा शीण होता आणि प्रश्न मला विचारला गेला होता. तरी मी उत्तर दिले. तांदळाचे पीठ, मीठ, पाणी, तव्याला तेल.

"आणि तुमचे हात?"

"हाताचं काय?"

"तिकडे चहा घेतलात का?"

बांधावर गावकऱ्यांनी चहा आणला होता. भिजलेल्या, शेत बुडालेल्या माणसाने पुढे केलेला पेला मी घेतला होता. दुधाचा चहा. टेम्पोत चढण्याच्या घाईत पेला हिंदकळून चहा माझ्या बोटांवर सांडला होता आणि मी हात धोतराला पुसला होता. त्यानंतर साबण लावलेला नव्हता. त्याच हाताने पीठ कालवले होते.

"घेतला," मी म्हणालो.

तिने ताट थोडे पुढे सरकवले. रागाने नाही. मी ते उचलले, पीठ मोरीत ओतले, तवा उतरवला. हात साबणाने तीनदा धुतले, नखे घासली, धोतर बदलले. परात धुतली. तवा तसाच ठेवून बाईंची कढई शेगडीवर चढवली. मग नवीन पीठ घेतले आणि या वेळी ते कालवताना ती माझ्या शेजारी उभी राहिली. मी डबा उघडला की ती डब्यात पाही. मी पळी घेतली की ती पळीकडे पाही. वीस मिनिटांऐवजी चाळीस लागली.

ती चार घावने खाऊन उठली. पत्नी साडेआठला आली, कमरेपर्यंत भिजलेली. तिला मी सगळे सांगितले, चहाचेही. तिने मुलीच्या कपाळावर हात ठेवला, आणि मग, थोड्या वेळाने, माझ्या खांद्यावर.

दुसऱ्या दिवशी मी आळीतल्या प्रत्येक घरी गेलो आणि मुलीला काय चालत नाही ते सांगून आलो. तेव्हापासून स्वयंपाक मी करी आणि विचारण्याचे काम तिचे झाले. मी प्रत्येक वेळी सगळे जिन्नस सांगितले, एकही न गाळता. भीती तशीच होती. पण ती वाहायला आता दोघे होतो. याचे मला समाधान वाटायला हवे होते. ते वाटले नाही. नऊ वर्षांच्या मुलीने ती उचलावी, असे मला कधीही वाटले नव्हते.